गुडघ्याचा अपघात आणि प्रतिमांची साक्ष

नवी दिल्ली : क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या मोटारीला ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे उत्तराखंडमधील रुरकीजवळ भीषण अपघात झाला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्याच दिवशी प्रसृत केलेल्या निवेदनात कपाळावरील दोन जखमांबरोबरच उजव्या गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, फाटल्याचा उल्लेख होता. मेंदू आणि मणक्याचे एमआरआय तातडीने करण्यात आले व ते निर्दोष निघाले. गुडघ्याचे आणि घोट्याचे एमआरआय मात्र वेदना व सूज यांमुळे पुढे ढकलण्यात आले. ४ जानेवारीला त्याला विमानाने मुंबईला हलवण्यात आले आणि ६ जानेवारी रोजी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये तो परतला तो थेट मार्च २०२४ मध्ये.

या घटनाक्रमातील एक तपशील बातम्यांच्या गर्दीत दुर्लक्षित राहिला. गुडघ्याचे एमआरआय झालेले नसतानाही अस्थिबंधाच्या दुखापतीचे निदान जाहीर झाले होते. अनेकांना ही विसंगती वाटेल. ती तशी नाही. गुडघ्याच्या दुखापतीत निदानाची सुरुवात दुखापत कशी झाली या प्रश्नाने आणि डॉक्टरांच्या हातांनी होते. क्ष-किरण, सीटी स्कॅन, एमआरआय आणि सोनोग्राफी या चारही तपासण्या त्यानंतर येतात आणि प्रत्येकीला वेगळा प्रश्न विचारायचा असतो. चुकीच्या तपासणीला चुकीचा प्रश्न विचारला गेला, तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ असा शेरा घेऊन फाटलेल्या अस्थिबंधासह माणूस घरी जातो. उलट, ज्या जुन्या फाटीचा वेदनेशी संबंधच नाही, तिच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. मृतांमध्ये दुचाकीवरील व्यक्तींचा वाटा सुमारे ४४.५ टक्के होता. दुचाकीस्वाराच्या देहात समोरून येणाऱ्या आघाताच्या वाटेवर सर्वांत आधी उभा असतो तो गुडघा. त्यात कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, खो-खो या खेळांतील दुखापतींची भर घातली, म्हणजे हा विषय केवळ नामवंत खेळाडूंपुरता का मर्यादित नाही, हे लक्षात येते.

उथळ बैठकीचा सांधा

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्याला असा आधार नाही. मांडीच्या हाडाचे दोन गोलाकार उंचवटे नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असतात आणि समोर वाटी सरकत असते. सांध्याला स्थैर्य देतात ते चार प्रमुख अस्थिबंध. त्यांपैकी दोन बाजूंना असतात. उरलेले दोन सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. या दोहोंतील पुढचा अस्थिबंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही, मागचा ते मागे सरकू देत नाही. हाडांच्या मध्ये मेनिस्कस नावाच्या अर्धचंद्राकृती गाद्या असतात. त्या भार वाटून घेतात. साध्या क्ष-किरण चित्रात यांपैकी फक्त हाडे दिसतात. गुडघा ज्यांच्या बळावर उभा राहतो, ते अस्थिबंध आणि त्या गाद्या त्यात उमटत नाहीत.

म्हणूनच जखमी व्यक्तीने सांगितलेली हकीकत मोलाची ठरते. धावताना दिशा बदलली, पाय जमिनीत रुतलेला राहिला, गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला आणि दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचले असल्याची शक्यता मोठी असते. अशा गुडघ्यांत पुढचा अस्थिबंध फाटलेला सापडणे ही नित्याची बाब आहे. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तर ते बहुधा ज्याला आपण ‘गुडघ्यात पाणी होणे’ म्हणतो, ते असते. यानंतर हाताची तपासणी होते. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी अनुभवी हातात फार बोलकी ठरते. अडचण इतकीच की ताज्या दुखापतीत वेदनेमुळे स्नायू आखडून बसतात आणि चाचणी फसवी निघू शकते. सूज उतरल्यावर, आठवडा-दोन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करण्याचा आग्रह अस्थिरोगतज्ज्ञ धरतात तो यामुळेच. आपल्याकडे नेमकी हीच दुसरी भेट टाळली जाते. वेदना कमी झाली की रुग्ण फिरकत नाही.

आधी पायाची नाडी

गुडघ्याचा सांधा पूर्णपणे निखळणे ही तुलनेने दुर्मीळ, पण सर्वांत धोकादायक दुखापत होय. पंत याच्या बाबतीतही सांधा निखळला होता, हे पुढे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितले. येथे धोका असतो तो सांध्याच्या मागच्या खोलगट भागातून, म्हणजे लवणीतून, जाणाऱ्या धमनीला. ही धमनी वरच्या आणि खालच्या बाजूला जखडलेली असते. सांधा निखळताच ती ताणली जाते, फाटते किंवा तिचे आतले अस्तर उचकटते. पायाचा रक्तपुरवठा सहा ते आठ तासांत पूर्ववत झाला नाही, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या नोंदींचा आढावा मायकेल डीबेकी आणि फिओरिंडो सिमिऑन या शल्यविशारदांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. या धमनीला इजा झालेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के सैनिकांचे पाय कापावे लागले होते. रक्तवाहिनी जोडण्याचे तंत्र नंतरच्या काळात रुळले आणि हे प्रमाण पुष्कळ खाली आले. घड्याळाची घाई मात्र तीच आहे.

यातील फसवी बाब अशी की निखळलेले अनेक गुडघे रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच आपोआप किंवा कुणीतरी पाय सरळ केल्यामुळे जागेवर येतात. मग क्ष-किरण चित्रात हाडे जागच्या जागी दिसतात आणि चित्र जवळपास निर्दोष भासते. एकाहून अधिक अस्थिबंध सैल लागत असतील, तर सांधा निखळून परत बसला असावा, असे गृहीत धरूनच पुढे जावे लागते. घोट्याजवळचा रक्तदाब दंडावरच्या रक्तदाबाने भागून येणारा अंक ०.९ पेक्षा कमी भरला, तर शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रण, अर्थात सीटी अँजिओग्राफी, करण्यात येते. पाय थंडगार, पांढरा आणि नाडीविना असेल, तर या चित्रणासाठीही न थांबता शस्त्रक्रियागृह गाठले जाते. एमआरआयचा प्रश्न येथे नंतरचा.

सव्वाशे वर्षांचे जुने साधन

विल्हेल्म रोंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. आज एमआरआयच्या काळात हे साधन जुनाट मानण्याकडे लोकांचा कल दिसतो. गुडघ्यापुरते तरी ते मत टिकत नाही. हाड मोडले आहे का, या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जलद आणि स्वस्त उत्तर अजूनही क्ष-किरणच देतात.

अर्थात प्रत्येक मुरगळीला क्ष-किरणांची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथे आणीबाणीच्या विभागात काम करणारे डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यासाठी नियम मांडले. रुग्णाचे वय ५५ किंवा त्याहून अधिक असणे, केवळ वाटीवरच दाबल्यावर दुखणे, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणे, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि रुग्णालयात अशा दोन्ही वेळी चार पावले टाकता न येणे, यांपैकी एकही बाब असेल तर क्ष-किरण चित्र काढावे. एकही नसेल तर ते टाळता येते. लंगडत का होईना, पण चार पावले टाकली तर ती चालली असे धरतात. हे नियम प्रौढांसाठी बेतलेले आहेत. शुद्धीवर नसलेल्या किंवा मद्यधुंद जखमींना ते लावू नयेत.

चित्र कसे काढले, यालाही महत्त्व आहे. समोरून आणि बाजूने अशी किमान दोन चित्रे लागतात. वाटीसाठी गुडघा वाकवून वरून घेतलेले तिसरे. बाजूचे चित्र रुग्णाला उताणे झोपवून, किरणांचा झोत जमिनीला समांतर ठेवून काढले, तर एक विलक्षण खूण दिसू शकते. हाड सांध्याच्या आत मोडले असेल, तर हाडातील मज्जेची चरबी रक्ताबरोबर सांध्यात उतरते. काही मिनिटे पाय स्थिर राहिला, की वरणावर तूप तरंगावे तशी ती चरबी रक्तावर तरंगते आणि चित्रात दोहोंमधली सरळ आडवी रेघ उमटते. मोडलेली जागा चित्रात कुठेही दिसत नसली तरी ही रेघ दिसताच सांध्यात हाड मोडले आहे, हे सांगता येते. झोत उभा ठेवून काढलेल्या चित्रात ही खूण दिसत नाही. तंत्रज्ञाला एक वाक्य सांगण्याचा तेवढा प्रश्न असतो.

दुसरी खूण याहून लहान आणि तिचा इतिहास अधिक रंजक आहे. फ्रेंच शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाच्या १६ वर्षे आधी, मृतदेहांचे वाकवलेले गुडघे जोराने आतल्या बाजूस पिळून प्रयोग केले. नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवरून हाडाची एक चपटी कपची ठरावीक जागीच उपटून निघते आणि तिला मोत्यासारख्या रंगाचा चिवट पट्टा चिकटलेला असतो, असे त्यांनी नोंदवले. आज क्ष-किरण चित्रात ही काही मिलिमीटरची कपची दिसली, की वाचणाऱ्याने सावध व्हायचे असते. कपची स्वतः किरकोळ असते, पण ती ज्या पिळामुळे निघते त्याच पिळाने पुढचा अस्थिबंध बहुतेक वेळा फाटलेला असतो. सेगाँ यांचा तो पट्टा शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकांतून पुढे जवळपास हरवला. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील शल्यविशारदांनी २०१३ मध्ये ४१ मृतदेहांच्या गुडघ्यांचे विच्छेदन करून त्यांपैकी ४० मध्ये तो दाखवला, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘गुडघ्यात नवा अस्थिबंध सापडला’ अशा बातम्या दिल्या. बातमीदारीच्या व्यवसायातील मंडळींनी त्या बातम्या १८७९ च्या नोंदीशेजारी ठेवून वाचाव्यात.

विशेष म्हणजे ही कपची एमआरआयमध्ये सहज निसटते आणि साध्या क्ष-किरण चित्रात ठळक दिसते. महाग तपासणीने स्वस्त तपासणीची जागा घेतली असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे. उलट दिशेचाही एक सापळा आहे. शंभरातील एखाद-दोघांच्या वाटीचा वरचा बाहेरचा कोपरा जन्मतःच वेगळा राहिलेला असतो. त्याच्या कडा गुळगुळीत असतात. घाईत पाहणाऱ्याला तो मोडलेल्या हाडाचा तुकडा वाटतो आणि निरोगी वाटीला प्लास्टर चढते.

पठाराची खोली

नडगीच्या हाडाच्या माथ्याला वैद्यकात ‘पठार’ म्हणतात. वेगातल्या वाहनाचा आघात किंवा उंचावरून पडणे यामुळे हे पठार फाटते किंवा खचते. कॅनडातील अस्थिशल्यविशारद जोसेफ शॅट्झकर यांनी १९७९ मध्ये साध्या क्ष-किरण चित्रांवरून त्याचे सहा प्रकार पाडले. ते आजही प्रचलित आहेत. परंतु पठार किती मिलिमीटर खचले आणि मागच्या बाजूला तडा गेला आहे का, हे सपाट सावलीवरून नेमके सांगता येत नाही. येथे सीटी स्कॅन उपयोगी पडतो. पातळ काप जोडून संगणक हाडाची त्रिमितीय प्रतिमा उभी करतो आणि पट्टी कोणत्या बाजूने बसवायची, चीर कुठून द्यायची, हे शल्यविशारद आधीच ठरवू शकतो. सीटीनंतर शस्त्रक्रियेचा आराखडा बदलणे, हा या अस्थिभंगांतील नेहमीचा अनुभव आहे. किरणोत्साराची भीती बाळगणाऱ्यांसाठी सांगायचे, तर गुडघ्याच्या सीटीतून मिळणारी मात्रा पोटाच्या किंवा छातीच्या सीटीच्या तुलनेत फारच कमी असते, कारण गुडघ्याच्या परिसरात किरणांना संवेदनशील अवयव जवळपास नसतात.

मुक्या माराचा पंचनामा

एमआरआय यंत्र किरणोत्सार वापरत नाही. शरीरातील पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवून, रेडिओलहरींनी क्षणभर विचलित करून, ती पूर्वस्थितीला येताना देत असलेले संकेत ते टिपते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना या तंत्रासाठी २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. गुडघ्याची तपासणी साधारण अर्ध्या तासात होते. त्या काळात पाय हलता कामा नये. सुजलेल्या, ठणकणाऱ्या गुडघ्याला हे जमत नाही आणि हललेल्या प्रतिमा वाचता येत नाहीत. ताज्या अपघातात तपासणी पुढे ढकलली जाते ती अनेकदा यासाठी.

निरोगी अस्थिबंधात मोकळे पाणी कमी असते, त्यामुळे प्रतिमेत तो ताणलेल्या काळ्या दोरीसारखा दिसतो. फाटलेला अस्थिबंध सुटलेल्या सुंभासारखा विस्कटलेला, फुगलेला आणि उजळ दिसतो. मेनिस्कस काळ्या त्रिकोणासारखा दिसतो. त्यातून पांढरी रेघ आरपार पृष्ठभागापर्यंत गेली, तर ती फाट. गादीचा मोठा पट्टा बादलीच्या कडीसारखा सुटून सांध्याच्या मध्यभागी जाऊन बसला, तर मागच्या अस्थिबंधाखाली आणखी एक अस्थिबंध असल्याचा भास होतो. असा गुडघा अडकतो, पूर्ण सरळ होत नाही आणि त्यावर लवकर शस्त्रक्रिया करावी लागते.

या तंत्राने वैद्यकाला दिलेली सर्वांत मोठी भेट मात्र वेगळीच आहे, असे या विषयाचे वाचन करताना वाटते. चरबीचा उजेड दाबून काढलेल्या प्रतिमांत निरोगी हाड काळे दिसते आणि जिथे हाडाला मुका मार लागला आहे, तिथे पांढरट ढग उमटतो. क्ष-किरण चित्रात हा मार दिसत नाही, सीटीतही सहसा नाही. हे ढग कुठे आहेत, हे पाहून अपघात कसा घडला, याचा जणू पंचनामाच वाचता येतो.

मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर मध्यभागी आणि नडगीच्या पठाराच्या बाहेरच्या मागच्या कोपऱ्यावर असे दोन डाग असतील, तर एरवी एकमेकांसमोर न येणाऱ्या या दोन जागा एका क्षणी आदळल्या होत्या. नडगी पुढे सरकून आत पिळली गेल्याशिवाय हे घडत नाही आणि पुढचा अस्थिबंध शाबूत असताना नडगी इतकी सरकत नाही. कबड्डीपटूच्या किंवा फुटबॉलपटूच्या प्रतिमेत हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते. डाग नडगीच्या पुढच्या अंगाला असेल, तर वाकलेल्या गुडघ्याला समोरून फटका बसला आहे. मोटारीच्या डॅशबोर्डवर आदळलेला किंवा दुचाकीवरून गुडघ्यावर पडलेला माणूस असा डाग घेऊन येतो आणि तेव्हा मागचा अस्थिबंध तपासायचा असतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या पुढच्या कडांवर समोरासमोर डाग असतील, तर गुडघा उलट्या दिशेला वाकला. वाटीच्या आतल्या कडेवर एक आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवर दुसरा डाग असेल, तर वाटी बाहेर सरकून परत जागेवर आली. अशा रुग्णांपैकी अनेकांना आपली वाटी निखळली होती हे ठाऊकही नसते. ते ‘पाय मुरगळला’ एवढेच सांगतात. तरुण मुलींच्या बाबतीत हे विशेषतः ध्यानात ठेवावे लागते, कारण निदान न झालेली वाटी पुन्हा निखळू शकते आणि प्रत्येक वेळी कूर्चेचा टवका उडण्याचा धोका असतो.

प्रतिमा जे ठरवत नाही

एमआरआयची अचूकता सगळीकडे सारखी नाही. ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या लेखानुसार आतल्या बाजूच्या मेनिस्कसची फाट सुमारे ९३ टक्के वेळा टिपली जाते, बाहेरच्या मेनिस्कसची मात्र सुमारे ७९ टक्के वेळाच. आतल्या मेनिस्कसचा मागचा काठ सांध्याच्या वेष्टनापासून सुटलेला असेल, तर तोही अनेकदा निसटतो. तपासणी गुडघा जवळपास सरळ ठेवून होते आणि त्या स्थितीत ही फट मिटलेली राहते. त्यामुळे गुडघा अडकतोच आहे, सैल पडतोच आहे आणि अहवाल ‘नॉर्मल’ आहे, अशा वेळी रुग्णाच्या तक्रारीला अहवालापेक्षा कमी लेखणे योग्य नव्हे.

याउलट अडचण चाळिशी-पन्नाशीपुढच्या रुग्णांची. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील ५० ते ९० वयाच्या ९९१ रहिवाशांच्या उजव्या गुडघ्याचे एमआरआय करण्यात आले. हा अभ्यास २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींची निवड करताना गुडघेदुखी हा निकष ठेवलेला नव्हता. ज्यांच्या मेनिस्कसमध्ये फाट आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्यात वेदना, ठणका किंवा आखडलेपणा काहीच नव्हते. अशी फाट वयपरत्वे येते, केस पांढरे होतात तशी. पायरी चुकून गुडघा दुखू लागलेल्या साठीच्या गृहस्थांच्या अहवालात ‘मेनिस्कस टिअर’ हे शब्द दिसले, म्हणजे वेदनेचे कारण सापडलेच, असे नाही. फिनलंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत झिजेतून फाटलेली गादी कापणारी शस्त्रक्रिया आणि केवळ शस्त्रक्रियेचे नाटक यांच्या परिणामांत वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही.

तरुणांतील पुढच्या अस्थिबंधाबाबतही फाट दिसली म्हणजे शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, असे समीकरण नाही. स्वीडनमधील १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. एका गटाला लगेच शस्त्रक्रिया, तर दुसऱ्या गटातील ५९ जणांना आधी पद्धतशीर व्यायामोपचार आणि गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया असा पर्याय देण्यात आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती आणि दुसऱ्या गटातील केवळ २३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पिळाच्या खेळावरच ज्यांचे आयुष्य उभे आहे, त्यांचे गणित निराळे असते. कुस्तीपटू विनेश फोगट हिच्या डाव्या गुडघ्याला १३ ऑगस्ट २०२३ रोजी सरावात दुखापत झाली. स्कॅन आणि तपासणीनंतर शस्त्रक्रिया हाच पर्याय उरल्याचे तिने जाहीर केले, चारच दिवसांनी मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि आशियाई क्रीडा स्पर्धा हुकली. पुढच्या वर्षी तिने पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धडक मारली. वजनाच्या निकषावर ती अपात्र ठरली, तो वेगळा विषय. प्रतिमा सारखी असली तरी आठवड्यातून दोनदा बॅडमिंटन खेळणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला तोच सल्ला लागू पडेलच असे नाही.

सोनोग्राफी आणि काही व्यावहारिक बाबी

सोनोग्राफीला हाडाच्या आड असलेले आतले अस्थिबंध नीट दिसत नाहीत. मात्र वाटीच्या वरची आणि खालची कंडरा तुटली आहे का, हे ती काही मिनिटांत सांगते आणि पाय हलवताना पाहता येते, जे इतर यंत्रांना जमत नाही. पाय सरळ उचलता न येणाऱ्या जखमीसाठी हा प्रश्न तातडीचा असतो. परदेशांत आणीबाणीच्या विभागात किंवा मैदानाच्या कडेला हातात मावणारी यंत्रे वापरली जातात. भारतात गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदलेल्या जागेबाहेर ते नेण्यावर कडक बंधने आहेत. कायद्यामागचे कारण सर्वज्ञात आहे. त्याची झळ गुडघ्यापर्यंत पोहोचते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

लहान मुलांत अस्थिबंधापेक्षा हाड आधी हार मानते. अस्थिबंध न फाटता स्वतःबरोबर हाडाचा तुकडा उपटून आणतो आणि हाडाच्या टोकाजवळील वाढीची पट्टी चित्रात तड्यासारखी दिसते. त्यामुळे मुलांची चित्रे त्यांचा सराव असलेल्या डॉक्टरने पाहिलेली बरी.

एमआरआय कक्षातील चुंबक यंत्र ‘बंद’ दिसत असतानाही चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन या कक्षात गेलेला रुग्णाचा ३२ वर्षांचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. जुन्या अस्थिभंगात बसवलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू बहुधा धोकादायक नसतात, पण त्यांच्याभोवतीची प्रतिमा विस्कटते. हृदयातील पेसमेकर, कानातील रोपण किंवा डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण यांची माहिती मात्र आधी द्यावीच लागते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवा उपक्रमात २०१५ पासून जिल्हा रुग्णालयांतील सीटी स्कॅन आणि दूरस्थ क्ष-किरण अहवाल या सेवांचा समावेश आहे. तालुक्याच्या ठिकाणी काढलेले चित्र शेकडो किलोमीटर दूरच्या शहरातील तज्ज्ञ वाचू शकतो. मात्र हा तज्ज्ञ रुग्णाला पाहत नाही. त्याच्या हाती येते ती मागणीची चिठ्ठी, आणि तीवर बहुतेक वेळा ‘उजवा गुडघा, दुखापत’ एवढेच लिहिलेले असते. दुखापत कोणत्या दिवशी झाली, पाय कोणत्या दिशेला पिळला, सूज किती वेळात आली, गुडघा अडकतो की सैल पडतो, आधी शस्त्रक्रिया झाली आहे का, ही माहिती तीन ओळींत मावते. ती डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहावी, असा आग्रह रुग्णाला धरता येतो. तपासणीनंतर केवळ टंकलिखित अहवालावर समाधान न मानता मूळ प्रतिमा फिल्म किंवा सीडीच्या स्वरूपात ताब्यात घ्याव्यात, कारण शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्या स्वतः पाहतो आणि सहा महिन्यांनी नवी तपासणी झाली, तर तुलनेसाठी जुन्या प्रतिमाच लागतात.